चकतीला चकतीचेच प्रश्न विचारा : मानक समित्यांना खुले पत्र

प्रति,
धातूंच्या चाचण्यांची मानके लिहिणाऱ्या समित्यांचे सदस्य आणि त्या मानकांवर बोट ठेवून अहवाल मंजूर-नामंजूर करणारे तपासणी अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या टेबलाच्या खणात एक प्लॅस्टिकची डबी आहे. तिच्यात सिलिका जेलची पुडी आणि चार चकत्या आहेत. प्रत्येक चकतीचा व्यास ८ मिमी, जाडी ०.५ मिमी. शर्टाच्या बटणाहून लहान. मुळात त्या नऊ होत्या. अनेक वर्षे चालू असलेल्या वाफेच्या पाइपच्या एका वळणावरून, पाइप न कापता, बाहेरच्या पृष्ठभागाचे होडीच्या आकाराचे दोन उथळ काप काढले. आमच्या धंद्यात त्यांना बोट सॅम्पल म्हणतात. जास्तीत जास्त तीनेक मिमी खोल काप, कडा घासून गुळगुळीत केल्या की पाइप पुन्हा कामाला लागतो, वेल्डिंगची गरज पडत नाही. त्या कापांतून वायरकटवर (विजेच्या ठिणग्या पाडत तारेने कापणाऱ्या यंत्रावर) चकत्या काढल्या, दोन्ही बाजूंनी पेपरवर घासून वायरकटचा वितळून गोठलेला थर काढला, मायक्रोमीटरने पाच-पाच ठिकाणी जाडी मोजली. पाच चकत्या मी स्मॉल पंच चाचणीत फोडल्या: चकती कडेने घट्ट धरायची, मधोमध छोटी गोळी दाबत न्यायची आणि ती फुटेपर्यंत भार व विस्थापन मोजायचे. त्यांतली एक एका बाजूला पातळ निघाली होती. तिचा निकाल अहवालात वेगळा दाखवला, लपवला नाही.

प्रश्न साधा होता. या वळणाचा धातू इतक्या वर्षांनी अजून किती ताणला जाईल, आणि दाब अचानक वाढला तर फाटायला सुरुवात कुठे आणि केव्हा होईल? उत्तर चाळीस पानांचे होते. ते परत आले ते एका ओळीसह: नमुने प्रमाणित आकाराचे नसल्याने भंगाबाबतचा निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही.

त्यानंतर जे झाले त्यासाठी हे पत्र. प्रमाणित आकाराचे नमुने हवेत म्हणून त्या वळणातून खिडकीसारखा आरपार तुकडा कापला गेला. मग त्या जागी ठिगळ वेल्ड करावे लागले, वेल्डनंतरची उष्णता-प्रक्रिया करावी लागली, रेडिओग्राफी करावी लागली. ज्या पाइपच्या त्या भागात एकही जोड नव्हता, तिथे आता चारही बाजूंनी जोड आहे, आणि जोडाभोवती उष्णतेने बदललेल्या धातूचा पट्टा आहे. अशा पाइपमध्ये पुढचे तडे बहुधा त्या पट्ट्यातच सुरू होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाइप सुरक्षित आहे का हे तपासताना आपण त्याला एक नवी कमजोर जागा दिली. कुणी चूक केली असे मी म्हणत नाही. सगळ्यांनी नियम पाळला. तक्रार त्या नियमाच्या वाचनाबद्दल आहे.

आधी तुमची बाजू मांडतो, कारण तिच्यात निम्मे खरे आहे.

तड्याच्या वाढीला विरोध करण्याची धातूची क्षमता मोजायला आपण जे-इंटिग्रल वापरतो. तो अंक धातूचा गुणधर्म मानायचा तर नमुन्याची जाडी आणि तड्यापुढे उरलेला धातू, दोन्ही किमान १० गुणिले जे भागिले स्ट्रेंथ (यील्ड आणि अंतिम स्ट्रेंथची सरासरी) इतके हवेत. यील्ड म्हणजे धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो स्ट्रेस. स्ट्रेंथ ५०० मेगापास्कल धरा. फुटलेल्या चार्पी नमुन्याच्या (खाच पाडलेला दांडा हातोड्याच्या घावाने तोडून लागलेली ऊर्जा मोजतात ती चार्पी चाचणी) अर्ध्या तुकड्यातून काढता येणारा ४ मिमी जाडीचा मिनी-सीटी (आधीच तडा पाडलेला, खेचून फाडायचा छोटा) नमुना या हिशेबाने २०० किलोजूल प्रति चौरस मीटरपर्यंतच बोलू शकतो. प्रेशर व्हेसलची कितीतरी चांगली स्टील्स त्याच्या वर जातात. म्हणून हा मिनी-सीटी ठिसूळपणाच्या संक्रमण-पट्ट्यात (थंडीने धातू ठिसूळ होऊ लागतो त्या तापमानांत), मास्टर कर्व्ह नावाच्या पद्धतीत, मान्यता मिळवून बसला आहे. पण तन्य फाटण्याच्या (भरपूर ताणून मग फाटण्याच्या) प्रदेशात त्याची दमछाक होते. आणि माझी ०.५ मिमीची चकती? तोच नियम तिला लावला तर मर्यादा येते २५. शिवाय तिच्यात मुळात तडाच नसतो. तेव्हा चकतीतून थेट जे-वन-सी (तडा वाढू लागतो तेव्हाचा जे) काढला असे कुणी म्हणत असेल तर त्याला परत पाठवा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

पण माझ्या अहवालात तसे म्हटले नव्हते. तो वाचला असता तर दिसले असते.

तन्य धातू तुटतो तेव्हा आत काय घडते? मँगनीज सल्फाइडसारखा एखादा अशुद्धीचा कण, किंवा कार्बाइड, भोवतालच्या धातूपासून सुटतो किंवा स्वतः फुटतो. तिथे पोकळी पडते. धातू ताणला जातो तशी ती फुगते. शेजारशेजारच्या पोकळ्यांमधली भिंत बारीक होत जाते आणि शेवटी तुटते. तुटलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली खळग्याखळग्यांचा दिसतो. एखाद्या खळग्याच्या तळाशी तो कण अजून बसलेला सापडतो. मॅक्लिंटॉक यांनी १९६८ साली आणि राइस व ट्रेसी यांनी १९६९ साली या फुगण्याचे गणित मांडले. त्या गणितातला कळीचा आकडा म्हणजे त्रिअक्षीयता: तिन्ही दिशांच्या स्ट्रेसची सरासरी भागिले समतुल्य स्ट्रेस. पोकळीच्या वाढीचा वेग तिच्यावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो, 'ई'चा घात म्हणजे त्रिअक्षीयतेची दीडपट. साध्या ताण-चाचणीत मान बारीक होण्याआधी त्रिअक्षीयता एक-तृतीयांश असते, तेव्हा हा गुणक १.६५ येतो. स्मॉल पंचमध्ये चकती गोळीवर ताणली जाऊन फुग्याच्या कातडीसारखी पातळ होते तेव्हा त्रिअक्षीयता दोन-तृतीयांशाच्या आसपास असते, गुणक २.७. खोल तड्याच्या टोकापुढे ती २ किंवा त्याहूनही वर जाते, आणि २ धरली तरी गुणक २० होतो. म्हणजे तेवढ्याच ताणात तड्याच्या टोकाशी पोकळी चकतीतल्यापेक्षा सात पटींहून अधिक वेगाने फुगते.

माझा सारा मुद्दा या तीन आकड्यांत आहे. चकती जे पाहते ते तड्याचे टोक पाहत नाही. चकतीच्या एका आलेखावरून तड्याबद्दल बोलणे म्हणजे एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश एवढ्या अरुंद फटीतून २ पर्यंतचे दृश्य रंगवणे. म्हणून आम्ही एकट्या चकतीवर थांबलो नव्हतो. त्याच कापांतून उरलेल्या धातूचे दोन इवलेसे खाच पाडलेले गोल दांडे आणि एक घसरण-ताणाचा (शिअरचा) चपटा नमुना काढला होता. दांड्याच्या खाचेतल्या सर्वांत बारीक छेदाची त्रिज्या १ मिमी आणि खाचेची त्रिज्या ०.५ मिमी. ब्रिजमनच्या सूत्राने मधोमध त्रिअक्षीयता येते सुमारे १.०३. आता गंमत पाहा: हाच दांडा दहापट मोठा केला, खाचही दहापट मोठी केली, तरी हा आकडा बदलत नाही. त्रिअक्षीयतेला मिलिमीटर कळत नाहीत, तिला फक्त आकाराचे प्रमाण कळते.

मिलिमीटर कळतात ते कणांना. अशुद्धीचे कण एकमेकांपासून ०.१ ते ०.२ मिमी अंतरावर असतील तर चकतीच्या जाडीत तीन-चार-पाच कणच बसतात. कधी एक जास्त, कधी एक कमी. म्हणून चकत्यांचे निकाल पसरतात. त्या पसाऱ्याला आजवर 'छोट्या नमुन्यांची अविश्वसनीयता' असे नाव दिले गेले. तो पसारा धातूतल्या कणांच्या वाटपाची बातमी आहे. मोठ्या नमुन्यात हजारो कणांची सरासरी होऊन ती बातमी दबून जाते एवढेच. खरा पाइप फाटतो तेव्हा तो सरासरीला फाटत नाही, सर्वांत दाट घोळक्याला फाटतो.

तर पद्धत अशी: वेगवेगळ्या त्रिअक्षीयतेचे छोटे नमुने फोडायचे, त्यांच्यावरून पोकळ्या जन्मण्याचा, फुगण्याचा आणि जुळण्याचा नियम त्या धातूपुरता बसवायचा, आणि मग संगणकावर खऱ्या भूमितीत तो नियम चालवून फाटणे कुठे सुरू होते ते सांगायचे. पोकळ्यांच्या या नियमाचे गर्सन यांचे मॉडेल १९७७ चे. ट्वरगार्ड आणि नीडलमन यांनी १९८४ मध्ये त्यात पोकळ्या जुळण्याची पायरी घातली. शुद्ध शिअरमध्ये मूळ मॉडेल आंधळे होते, कारण तिथे पोकळ्या फुगत नाहीत, चपट्या होऊन फिरतात. तेही नाहशोन आणि हचिन्सन यांनी २००८ मध्ये दुरुस्त करून दिले. यात नवे काहीच नाही. नवे असले तर एवढेच की चाचणीसाठी पाइप मारावा लागत नाही.

आता तक्रारी.

पहिली वर येऊन गेली: तुम्ही आकारावर निकाल देता, आशयावर नाही. 'प्रमाणित आकार नाही' हे वाक्य जे-वन-सीच्या दाव्याला लागू आहे. स्थानिक भंग-नियम बसवून केलेल्या भाकिताला ते लागूच होत नाही, कारण तिथे नमुन्याचा आकार गणितात आधीच घेतलेला असतो. परीक्षार्थीने भूगोलाचा पेपर दिला आणि तुम्ही त्याला गणितात शून्य दिले.

दुसरी तक्रार पहिलीच्या अगदी उलट आहे, आणि मला ती जास्त सलते. जिथे तुम्ही चकतीला दार उघडता तिथे तिच्याकडून चार्पीचा आकडा मागता. 'स्मॉल पंचचा निकाल चालेल, पण तो चार्पीच्या भाषेत द्या.' मग लोक काय करतात? चकत्यांचे संक्रमण तापमान केल्व्हिनमध्ये घेतात आणि ०.४ ने भागतात. समजा चार्पीने एखाद्या स्टीलचे संक्रमण तापमान ० सेल्सिअस दाखवले, म्हणजे २७३ केल्व्हिन; चकतीत ते १०९ केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे उणे १६४ सेल्सिअसला दिसणार. हा फरक का पडतो? चकतीत खाच नाही, गोळी मिनिटाला अर्ध्या मिमीच्या आसपास सरकते तर चार्पीचा हातोडा सेकंदाला पाचेक मीटर वेगाने येतो, आणि स्ट्रेसची अवस्था वेगळी आहे. तीन वेगळ्या कारणांचा गोळा करून त्याला ०.४ हे एक नाव दिले. तो आकडा काही स्टील्सवर बसवलेला आहे. वेल्डच्या पट्ट्यातल्या धातूला, किंवा किरणोत्साराने कडक झालेल्या धातूला तो तसाच बसेल असे कुणी सांगितले? आणि चकतीत ५ केल्व्हिनची चूक झाली तर भागाकारानंतर ती साडेबारा होते. अहवालात मात्र ती दशांशाच्या एका अंकापर्यंत छापलेली दिसते.

याच चालीवर चकती फुटेपर्यंत किती पातळ झाली (सुरुवातीची जाडी भागिले फुटताना उरलेली जाडी, त्याचा लॉगरिदम) यावरून सरळ रेषेने चिवटपणा काढणारी सूत्रे फिरतात. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत ती वापरली आहेत. एका स्टीलवर छान बसत, दुसऱ्यावर ढळत. का ढळत ते कळायला मला बरीच वर्षे लागली: रेषेच्या दोन्ही टोकांना वेगवेगळ्या त्रिअक्षीयतेचे भंग बांधलेले होते.

तिसरी तक्रार दुटप्पीपणाची. चार्पीबद्दल माझ्या मनात आदर आहे. जॉर्ज शार्पी यांनी १९०१ मध्ये ती मांडली आणि ती अजून टिकली, यातच तिचे मोल आहे. पण तिचा एक आकडा म्हणजे खाचेत तडा सुरू होण्याची, तो पुढे सरकण्याची आणि तुकडे उडवण्याची ऊर्जा एकत्र ढवळलेली. त्यावरून चिवटपणा काढायची सूत्रेही अनुभवजन्यच आहेत, रोल्फ आणि नोव्हाक यांचे त्यांतले एक प्रसिद्ध. ती तुम्ही विनातक्रार स्वीकारता. अमेरिकेच्या अणुभट्टी-नियमांत भट्टीच्या पात्राच्या स्टीलची वरच्या पायरीवरची (धातू पूर्ण तन्य असतो त्या तापमानांतली) चार्पी ऊर्जा ६८ जूलच्या खाली जाऊ नये असे आहे. आणि गेलीच तर काय? तर स्वतंत्र विश्लेषण देऊन पुरेशी सुरक्षितता दाखवण्याची मुभा आहे. म्हणजे मोठ्या नमुन्याचा आकडा अपुरा पडला की विश्लेषणाचे दार उघडते. छोट्या नमुन्याला तेच दार का बंद?

चौथी. १९८१ साली मॅनहन, आर्गॉन आणि हार्लिंग यांनी एमआयटीत ३ मिमीची चकती वाकवून किरणोत्सार झालेल्या धातूचे गुणधर्म काढून दाखवले. तिथपासून चार दशके गेली. अमेरिकेचे एएसटीएम ई ३२०५ हे मानक २०२० मध्ये आले, युरोपचे ईएन १०३७१ हे २०२१ मध्ये. दोन्हींचे मी मनापासून स्वागत केले. गोळी केवढी, डायचे भोक केवढे, चकती कशी दाबायची, वेग किती, हे आता वादात राहिले नाही. पण चाचणी सारखी झाली म्हणून तिच्यावरून केलेले भाकीत सारखे होत नाही. आलेखापासून तन्य भंगाच्या भाकितापर्यंतचा रस्ता अजून प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या पायवाटेने जाते, आणि तुम्ही त्या पायवाटांना नकाशात घ्यायलाच तयार नाही. परिणामी चांगले आणि वाईट काम एकाच ओळीने फेटाळले जाते, आणि वाईट काम करणाऱ्याला सुधारायचे कारण उरत नाही.

पाचवी तक्रार माझ्या जातभाईंविरुद्ध आहे. ती या पत्रात टाळली तर तुम्ही म्हणाल, हा फक्त आपल्या चकत्यांची वकिली करतोय. गर्सन-ट्वरगार्ड-नीडलमन मॉडेलमध्ये नऊ-एक स्थिरांक असतात. एकाच चकतीचा आलेख त्यांच्या कितीतरी जोड्यांनी हुबेहूब जुळवता येतो. पोकळ्या लवकर जन्मू द्या आणि उशिरा जुळू द्या, किंवा उलट करा, आलेख तोच. आम्ही लोक त्यातली एक जोडी निवडतो, आलेखावर आलेख टेकवून दाखवतो, आणि अहवालात 'उत्तम जुळणी' लिहितो. जुळवणे म्हणजे भाकीत नव्हे. त्यात आणखी एक खोट: मॉडेलमध्ये एलिमेंटचा (संगणकावर धातू ज्या बारीक तुकड्यांत विभागतात त्यांचा) आकार बदलला की फाटण्याची वेळ बदलते, कारण तिथे एलिमेंटच कणांमधल्या अंतराचे काम करते. तो आकार न छापता स्थिरांक छापलेले अहवाल मी पाहिले आहेत. मापाशिवाय दिलेल्या शिंप्याच्या पावतीसारखे ते. गोळी आणि चकतीतले घर्षणही तसेच: घर्षण अजिबात नसेल तर चकती शिखरावर फुटते, घर्षण वाढले की फुटण्याची वर्तुळाकार रेषा शिखरापासून बाहेर सरकते. चकती फुटली कुठे हे पाहिले की घर्षण पडताळता येते. किती जण पाहतात? विस्थापन चकतीच्या खालून मोजले की यंत्राच्या क्रॉसहेडवर (भार देणाऱ्या सरकत्या आडव्या पट्टीवर), हेही अनेकदा लिहिलेले नसते. क्रॉसहेडवर मोजले तर यंत्राचा स्वतःचा लवचिकपणा आलेखात शिरतो. आणि यील्डचा अंदाज जाडीच्या वर्गाने भागून येतो, म्हणून ०.५ मिमीत ०.०१ मिमीची चूक म्हणजे उत्तरात ४ टक्क्यांची. मायक्रोमीटर एकदाच टेकवून मोजमाप उरकणाऱ्याला हे कळत नाही.

तुम्ही सरसकट 'नाही' म्हणता म्हणून हा ढिसाळपणा खपतो. 'हो, पण हे-हे दाखवा' म्हणाला असता तर अर्धे अहवाल पाठवणाऱ्यानेच मागे घेतले असते.

चकती कुठे चालत नाही तेही सांगतो. जाडीत धातूचे निदान पाच-दहा स्फटिक-दाणे बसायला हवेत; मिलिमीटरभर दाण्यांच्या ओतीव ऑस्टेनिटिक स्टीलची चकती एका-दोन दाण्यांची कहाणी सांगते, धातूची नाही. पृष्ठभागाचा काप पाइपच्या भिंतीच्या पोटाबद्दल बोलत नाही, विशेषतः बाहेरच्या थरातला कार्बन जळून गेला असेल तर. रोलिंगने लांबट झालेल्या कणांच्या प्लेटमध्ये चकतीची दिशा कोणती हे न सांगता निकाल देणे दिशाभूल आहे. त्याच वेळी, प्लेटच्या जाडीच्या दिशेने ५५ मिमी लांब चार्पी नमुना काढता येत नाही आणि इवलासा दांडा काढता येतो. वेल्डशेजारच्या काही मिमीच्या पट्ट्यात चार्पीची खाच नेमकी एका थरात पाडणे हे नशिबाचे काम. चकती त्या थरातूनच कापता येते. अणुभट्टीच्या देखरेख-कुपीतला (किरणोत्साराचा परिणाम तपासायला भट्टीत ठेवलेल्या नमुन्यांचा) धातू संपत आलेला असतो आणि नवा मिळणार नसतो. अशा ठिकाणी 'मोठा नमुना आणा' या उत्तराचा अर्थ 'उत्तर नको' एवढाच होतो.

माझ्या मागण्या अशा.

छोट्या नमुन्यांवर आधारित भंग-भाकिताला स्वतंत्र वर्ग द्या. त्याला जे-वन-सी म्हणू नका, चार्पी-समतुल्यही म्हणू नका. तो ज्या घटकासाठी केला त्याच्याच भूमितीत, त्याच्याच भारात मोजला जावा.

अशा अहवालात किमान तीन वेगळ्या त्रिअक्षीयतेचे नमुने असावेत, त्यांतला एक खाचेचा आणि एक शिअरचा. एकट्या चकतीचे भाकीत तुम्ही परत पाठवा, माझी हरकत नाही.

पूर्ण भार-विस्थापन आलेख आकड्यांच्या स्वरूपात, प्रत्येक चकतीची पाच ठिकाणची जाडी, विस्थापन कुठे मोजले, गोळीचा पदार्थ, वंगण, फुटण्याच्या रेषेची शिखरापासूनची जागा, एलिमेंटचा आकार आणि प्रत्येक स्थिरांकाची स्वीकार्य पट्टी हे सारे अहवालाचा भाग करा. सरासरीबरोबर पसारा छापणे बंधनकारक असावे.

०.४ सारखे गुणक ज्या धातुसमूहावर बसवले त्याच्याबाहेर वापरायला मनाई करा, आणि वापरले तर चूक किती पट होते ते अहवालात लिहायला लावा.

शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. झाकलेल्या पाकिटातली परीक्षा घ्या. अमेरिकेतल्या सँडिया नॅशनल लॅबोरेटरीजने २०१२, २०१४ आणि २०१७ साली अशी आव्हाने दिली होती: धातूची माहिती आणि साध्या चाचण्यांचे आकडे सगळ्यांना वाटले, एक अवघड भूमिती ठेवली, आणि निकाल कळण्याआधी भाकिते जमा करून घेतली. तिसऱ्या वेळी थ्री-डी प्रिंट केलेल्या ३१६-एल स्टेनलेस स्टीलवर २१ चमू उतरले. भाकिते बरीच पांगली, पण कुठे आणि का पांगली हे सगळ्यांसमोर आले. तेच करा, फक्त माहिती म्हणून छोट्या नमुन्यांचेच आकडे द्या. निकाल प्रसिद्ध करा, चुकलेल्यांचेही. माझे भाकीत चुकले तर ते माझ्या नावासकट छापा.

आता त्या डबीतल्या चार चकत्यांबद्दल. त्यांची जाडी मोजलेली आहे, दिशा कडेला खुणेने दाखवली आहे, आणि पाइपमधून कापलेल्या खिडकीचा उरलेला तुकडा माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. तुम्ही सांगाल त्या प्रयोगशाळेत दोन चकत्या फोडा. माझा आलेख आधी पाठवणार नाही. उरलेल्या तुकड्यातून तुमच्या मापाचा खाच पाडलेला दांडा काढा आणि तो किती ताणावर फाटेल याचे माझे उत्तर बंद पाकिटात आधीच घ्या. पाकीट तयार आहे. कोणत्या पत्त्यावर पाठवायचे तेवढे कळवा.

आपला,
एक चाचणी अभियंता